आधी सांधा, मग फेव्हिकॉल

घरी सुतारकाम सुरू करणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा गोंदाबद्दल असतो. सगळ्यात घट्ट कुठला धरतो? प्रश्न वावगा नाही, फक्त त्याचा नंबर तिसरा आहे. त्याच्या आधी दोन प्रश्न येतात: हे लाकूड पावसाळ्यात कुठल्या दिशेनं फुगणार, आणि दोन तुकडे एकमेकांत कसे अडकवले तर जोर गोंदावर न येता लाकडावर येईल.

सांगलीजवळच्या माधवनगरकडून बुधगाव, कवलापूरच्या बाजूला जुन्या वाड्याच्या परड्यात कुठं बैलगाडीचं लाकडी चाक टेकवून ठेवलेलं दिसलं तर पाच मिनिटं थांबून ते नीट बघा. मधल्या तुंब्यात आऱ्यांची टोकं कूस काढून ठोकलेली असतात. दुसरी टोकं घेराच्या तुकड्यांत शिरलेली असतात. बाहेरची लोखंडी धाव तापवून चढवतात आणि लगेच पाणी ओतून थंड करतात. लोखंड आकसतं आणि सगळे सांधे आतल्या बाजूला दाबले जातात. गोंदाचा एक थेंबही नाही, आणि या चाकानं भरल्या गाडीचं ओझं खडकाळ वाटेवरून वाहिलंय. आपल्याला गाडी बनवायची नाही, एखादा पाट, चौरंग किंवा पुस्तकांची फळी करायची आहे. पण विचार तोच ठेवायचा. सांधा आधी कोरडाच उभा राहिला पाहिजे.

लाकडापासून सुरू करू. वखारीत गेलात तर माप घनफुटात आणि जाडी इंच-सुतात सांगतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हे माप अंगवळणी पाडून घ्या, मिस्त्रींशी बोलणं सोपं होतं आणि वाटण्याही सोप्या होतात. पहिल्या कामाला नवं सागवान घेऊ नका. जुन्या दारा-खिडक्यांचं सागवान मिळालं तर उत्तम. ते कित्येक उन्हाळे-पावसाळे बघून शांत झालेलं असतं. फक्त रंधा मारण्याआधी त्यातले खिळे शोधून काढा. शिवणीचं लाकूड हलकं, कापायला सोपं आणि फारसं न वाकणारं. आंबा स्वस्त पडतो, पण त्याला कीड लवकर लागते. बाभूळ चिवट, हत्यारांच्या दांड्यांना नामी, पण नवशिक्याच्या करवतीची परीक्षा बघते. बाभळीत लोखंडी स्क्रू मारलात तर ओलीनं त्याच्याभोवती काळा डाग पडतो. तिथं पितळी स्क्रू वापरा.

कुपवाड, मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत यंत्रांच्या खोक्यांतून पाइन येतं. सरावाला ते झकास. विकत घेताना त्यावरचा शिक्का वाचा. ‘एचटी’ असेल तर ते उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं असतं, ते खुशाल घ्या. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली. ते घरात आणू नका.

आता लाकूड हलतं म्हणजे काय ते पाहू. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही. रुंदीत बदलतं. एप्रिलात सांगलीची हवा कोरडी ठणठणीत असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये दमट. घरात ठेवलेल्या लाकडातली ओल या दोन टोकांमध्ये पाच-सहा टक्क्यांनी खालीवर होऊ शकते. तेवढ्यानं फूटभर रुंदीची साधी चिरलेली सागवानी फळी साधारण एक सूत रुंद-अरुंद होते. आणि हलण्याच्या बाबतीत सागवान गुणी लाकडांत मोडतं, हेही लक्षात ठेवा. एक सूत म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण ती फळी चारी बाजूंनी खिळ्यांनी जखडली की ती फुगताना सांधा उचकटते आणि आकसताना मधोमध तडकते. घरोघरच्या पाटांना पडलेल्या उभ्या चिरा बहुतेक याच कारणानं असतात.

म्हणून पहिलं काम पाटाचंच घ्या असं मी सुचवतो. लहान आहे, उपयोगी आहे आणि करवत, सांधा, गोंद तिन्हींचा धडा त्यात आहे.

करवतींकडे वळू. दुकानात वीस प्रकार टांगलेले असतात. तुम्हाला दोन पुरतात. एक मोठी हात-करवत, इंचाला सात ते दहा दातांची, फळ्या मापात आणायला. दुसरी पाठीची करवत, जिच्या पात्याच्या वरच्या कडेवर पितळेची किंवा लोखंडाची जाड पट्टी असते. इंचाला बारा-चौदा दात, पातं लहान, पाठीमुळे वाकत नाही. सांधे कापायचे ते हिनंच. हॅकसॉ धातूसाठी असतो, त्यानं लाकूड कापत बसू नका. बारीक दातांत भुसा अडकतो आणि काप भरकटतो.

दातांचा आकार समजून घेतला तर निम्मी कटकट संपते. तंतूंच्या दिशेनं उभं चिरायच्या करवतीचा दात पटाशीच्या धारेचा असतो, तो तंतू खरवडून काढतो. तंतूंना आडवं कापायच्या करवतीचा दात तिरका घासून टोकदार केलेला असतो, तो तंतू दोन्ही बाजूंनी छेदतो. उलट वापरलं तरी कापतं, पण एकात घाम निघतो आणि दुसऱ्यात कड फाटते. दात एकाआड एक डावी-उजवीकडे किंचित फाकवलेले असतात. त्यामुळे काप पात्यापेक्षा जरा रुंद होतो आणि पातं अडकत नाही. हा काप साधारण एक मिलिमीटर रुंदी खातो. म्हणून रेघेच्या कुठल्या बाजूला कापायचं हे आधी ठरवावं लागतं. टाकाऊ बाजूवर फुली मारा आणि करवत त्या बाजूला ठेवून रेघ अर्धी जिवंत सोडा.

रेघ पेन्सिलीनं नको. सुरीनं मारा. पेन्सिलीच्या रेघेला स्वतःची जाडी असते, सुरीच्या रेघेला नसते. शिवाय सुरी वरचे तंतू आधीच कापून ठेवते, त्यामुळे कड फाटत नाही. टाकाऊ बाजूनं पटाशीची धार तिरकी लावून त्या रेघेलगत एक बारीक चर काढलात तर करवत आपोआप त्यात बसते. गुण्या विकत घेतलात की घरी आल्यावर तपासा. फळीच्या सरळ कडेला लावून एक रेघ मारा, मग गुण्या उलटा करून त्याच ठिकाणी दुसरी मारा. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर त्या अंतराच्या निम्मी चूक गुण्यात आहे. बाजारातले स्वस्त गुण्ये या परीक्षेत पुष्कळदा नापास होतात.

करवत धरताना तर्जनी पात्याच्या दिशेनं पुढं सरळ ठेवा. मनगट, कोपर आणि पातं एका रेषेत हवं. डाव्या अंगठ्याचं पेर पात्याला टेकवून दोन-तीन वेळा हलकेच मागं ओढा, खाच पडली की पूर्ण लांबीचा हात मारा. दाबू नका. करवतीचं वजन पुरतं. धार असलेली करवत दाबायला लागत नाही, आणि धार नसलेली दाबून सुधारत नाही. काप सरळ चाललाय का हे बघायची एक जुनी युक्ती म्हणजे चकचकीत पात्यात लाकडाच्या कडेचं प्रतिबिंब बघायचं. खरी कड आणि प्रतिबिंबातली कड एका सरळ रेषेत दिसली तर करवत काटकोनात आहे. कड मोडलेली दिसली तर हात तिरका झालाय. गंजकं पातं ही सोय देत नाही, म्हणूनही ते घासून लख्ख ठेवा.

करवत विकत घेताना दातांच्या टोकांकडे बघा. टोकं निळसर-काळी दिसली तर ती कडक केलेली आहेत. अशा दातांवर कानस चढत नाही. बोथट झाली की करवत टाकून द्यावी लागते. साध्या पोलादाच्या दातांना तिकोनी कानशीनं धार लावता येते. त्यासाठी करवत दोन फळ्यांत आवळून धरा, एकाआड एक दात एका बाजूनं घासा, मग करवत फिरवून उरलेले. प्रत्येक दाताला सारख्याच संख्येनं कानस मारायची, तीही फक्त पुढं ढकलताना. पहिल्यांदा जुन्या करवतीवर हात बसवा.

हल्ली जपानी करवतीही मिळतात. त्या ढकलताना नाही, ओढताना कापतात. पातं पातळ, काप अरुंद आणि नवशिक्याचाही हात सरळ जातो. जमिनीवर बसून पायानं लाकूड दाबून काम करणाऱ्याला ओढणारी करवत सोयीची पडते. मात्र बाभळीच्या गाठीवर तिचे नाजूक दात तुटतात, आणि बहुतेकींचे दात परत धार लावण्याजोगे नसतात. पाइन आणि शिवणीसाठी ठेवा.

आता पाट. अठरा इंच लांब, बारा इंच रुंद, सहा सूत जाड. बारा इंच रुंदीची एकसंध फळी शोधत फिरू नका, सहा-सहा इंचांच्या दोन जोडा. दोन फळ्यांच्या लांब कडा एकमेकींना जोडणं हा गोंदाचा सर्वांत आवडता सांधा. तंतू दोन्हीकडे एकाच दिशेनं असतात, फळ्या एकत्र फुगतात आणि एकत्र आकसतात. नीट जुळलेल्या कडांचा हा जोड पुढं लाकडापेक्षा मजबूत ठरतो. मोडायला गेलात तर शेजारचं लाकूड फाटतं. कडा जुळवण्याची युक्ती अशी: दोन्ही फळ्या पुस्तकासारख्या मिटून एकत्र आवळा आणि दोन्ही कडांवर एकदमच रंधा मारा. रंधा किंचित तिरका चालला तरी उघडल्यावर एकीचा तिरपेपणा दुसरीच्या तिरपेपणाला भरून काढतो. जोडण्याआधी कडा एकमेकींवर ठेवून उजेडासमोर धरा. मध्ये फट दिसली तर पुन्हा रंधा. आवळून फट बुजवू असं म्हणू नका, ती फट पुढच्या एप्रिलात परत येते.

खालच्या दोन आडव्या पट्ट्यांशी पाटाची खरी गंमत सुरू होते. त्या फळीच्या तंतूंना आडव्या जातात. फळी रुंदीत हलणार, पट्टी लांबीत हलणार नाही. दोन्ही बारा इंचभर गोंदानं चिकटवल्या तर दोघींचं भांडण ठरलेलं. म्हणून फळीच्या खालच्या बाजूला पट्टीच्या रुंदीची, दोन सूत खोल खाच घ्या. खाचेच्या दोन्ही कडा सुरीनं आखा. एका कडेला सरळ पट्टी आवळून तिच्या आधारानं पाठीच्या करवतीनं दोन सूत खोल कापा, मग दुसऱ्या कडेला. मधलं लाकूड पटाशीनं काढा, पण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाऊ नका. दोन्ही टोकांकडून मध्यापर्यंत या, नाहीतर पलीकडची कड ढलप्यासकट उडते. पट्टी खाचेत हाताच्या दाबानं बसली पाहिजे. हातोडा लागत असेल तर घट्ट झाली, हलवल्यावर पडत असेल तर सैल.

गोंद फक्त मधल्या दोन इंचांत लावा. दोन्ही टोकांजवळ पट्टीत स्क्रूसाठी लांबट भोकं पाडा, लांबी पट्टीच्या दिशेनं ठेवून. स्क्रू घट्ट करा पण करकचून नको. फळी फुगली की स्क्रू त्या लांबट भोकात सरकतो आणि पाट सपाट राहतो. खाच बाजूचा जोर घेते, स्क्रू पट्टी खाली धरतो, गोंदाला फारसं काम उरत नाही.

पाट झाला की चौरंग. तिथं खाच-कूस लागते. पायात खाच, आडव्या पट्टीच्या टोकाला कूस. कुसाची जाडी पट्टीच्या जाडीच्या एक तृतीयांश ठेवतात. सहा सुती पट्टीला दोन सुती कूस, आणि खाच घ्यायला दोन सुती पटाशी. हिशेब असा सोपा पडतो. आधी खाच घ्या, मग तिच्या मापानं कूस कापा. कूस रंध्यानं किंवा पटाशीनं एक केस बारीक करता येतं, खाच मात्र एकदा मोठी झाली की लहान होत नाही. कुसापेक्षा खाच मिलिमीटरभर खोल ठेवा, उरलेला गोंद तिथं साठतो. नाहीतर तोच गोंद आत दाबला जाऊन सांधा पूर्ण बसूच देत नाही.

अर्धा-अर्धा जोड, म्हणजे दोन्ही पट्ट्यांची निम्मी जाडी काढून एकावर एक बसवणं, चौकटींना पुरतो. डव्हटेल खणांसाठी. त्याचा उतार पाइनला एकास सहा, सागवानाला एकास आठ धरा आणि पहिले काही सांधे टाकाऊ पाइनवर करून टाका. ४५ अंशांत कापलेला जोड फोटोफ्रेमला देखणा दिसतो, पण तिथं गोंद फळीच्या टोकांवर बसतो. टोकाला तंतूंची तोंडं उघडी असतात, ती गोंद पिऊन टाकतात आणि जोड कच्चा राहतो. अशा जोडात कोपऱ्यातून एक पातळ लाकडी चकती घातली की तो टिकतो.

आता गोंद. माधवनगरहून मिरज काही लांब नाही. तिथल्या तंतुवाद्य कारागिरांच्या दुकानात एकदा जा. सतार-तंबोरे घडवण्याचा हा व्यवसाय एकोणिसाव्या शतकात शिकलगारांच्या हातून उभा राहिला. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे, हत्यारांची ओळख त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांची. फरीदसाहेब हे त्यातलं आद्य नाव. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळा, गुलू, दांडी, तबली हे भाग एकमेकांना जोडताना पारंपरिक गोंद सरसच. कारण सरस उष्णता आणि वाफेनं सुटतो. वाद्य कधी ना कधी दुरुस्तीला येणारच, तेव्हा तबली न फोडता उघडता आली पाहिजे. तंबोऱ्याच्या खुंट्यांना तर गोंदच नसतो, निमुळती खुंटी निमुळत्या भोकात नुसत्या घर्षणानं धरते.

सरस वापरून बघायचा असेल तर तुकडे थंड पाण्यात रात्रभर भिजवा, मग भांडं दुसऱ्या गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून पातळ करा. साठ अंशांच्या आसपास तापमान पुरतं. उकळला की त्याची ताकद जाते. वास येतो, तो सहन करावा लागतो. गरम असतानाच लावायचा आणि लगेच जोडायचं, थंड झाला की थिजतो. घरातल्या जुन्या खुर्चीचा सैल झालेला सांधा सरसाचा असेल तर गरम पाण्यानं जुना सरस पुसून नवा लावता येतो. म्हणून खुर्ची दुरुस्तीला घेतली की जुना गोंद कुठला हे आधी बघा.

१९५९ साली फेव्हिकॉल आलं आणि सुताराच्या शेगडीवरचं सरसाचं भांडं हळूहळू उतरलं. पांढरा गोंद पाण्यात मिसळलेला असतो. पाणी लाकडात शिरतं, उडतं आणि मागे राहिलेला थर तंतूंना धरतो. म्हणून त्याला दोन गोष्टी लागतात: जुळलेले पृष्ठभाग आणि दाब. फट भरून काढणं हे त्याचं काम नाही. दोन्ही बाजूंना पातळ थर लावा, उन्हाळ्यात चटकन आवळा, कारण पाच-दहा मिनिटांत वर साय धरते. कडेनं बारीक मण्यांची रांग बाहेर आली तर गोंद बरोबर पडला. ओहोळ वाहिला तर जास्त झाला, काहीच आलं नाही तर कमी. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्यानं पुसू नका. पातळ होऊन तो छिद्रांत शिरतो आणि पॉलिश मारल्यावर तिथं फिकट डाग उठतात. अर्ध्या तासानं तो रबरासारखा झाला की पटाशीनं सोलून काढा. एक-दोन तास आवळून ठेवा, जोर मात्र चोवीस तासांनंतरच द्या.

सागवानाचं एक वेगळं प्रकरण आहे. त्यात नैसर्गिक तेल असतं आणि रंधा मारून काही दिवस गेले की ते वर येतं. गोंद लावायच्या दिवशीच कडांवर नव्यानं रंधा मारा, किंवा थिनरच्या फडक्यानं पुसून वाळल्यावर लावा. सागवानाला फेव्हिकॉल धरत नाही अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं घोडं इथंच अडलेलं असतं.

शिकंजे महाग वाटतात. पहिल्या पाटाला ते नसले तरी चालेल. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या ताणून गुंडाळल्या तर चांगला दाब मिळतो. फळ्या जोडायला जाड फळीवर दोन ठोकळे ठोका आणि मधल्या जागेत पाचरी समोरासमोरून मारा. दोरीचा फास टाकून काठीनं पीळ देणं ही खुर्चीच्या पायांसाठीची जुनी सोय.

घराबाहेर, मोरीजवळ किंवा पाण्याचा संबंध येणाऱ्या वस्तूला साधा पांढरा गोंद नको, पाण्याला टिकणारा मरीन प्रकार घ्या. फट राहिलीच असेल, धातू किंवा दगड लाकडाला चिकटवायचा असेल तर अराल्डाइटसारखा दोन नळ्यांचा इपॉक्सी. सनमायका चिकटवायचा पिवळसर रबरी गोंद सांध्यात कधीही वापरू नका. तो वाळल्यावरही लवचीक राहतो, सांधा हळूहळू सरकत जातो. पांढरा गोंदही सतत ताणाखाली थोडा सरकतो, म्हणून वाकवलेल्या किंवा ओढ असलेल्या जोडाला खाच-कुसाचा आधार द्यावाच लागतो.

प्लायवूड आणि भुश्याच्या बोर्डाबद्दल एकच सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, त्यानंतर रस्त्याकडेला टाकलेली कपाटं ज्यांनी बघितली त्यांना समजावून सांगायला नको. भुश्याच्या बोर्डाचं फर्निचर फुगून वाया गेलं, सागवानी पेट्या धुऊन-वाळवून परत वापरात आल्या. प्लाय घ्यायचंच असेल तर खालच्या मजल्यासाठी आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या, आणि कापलेल्या कडा रंगानं बंद करा. पाणी तिथूनच शिरतं.

पाटाला जवसाचं तेल छान बसतं. पातळ हात, पंधरा मिनिटांनी पुसून काढायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. पण तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती वाळताना आतून तापतात आणि स्वतःहून पेट घेतात. तारेवर एकेरी पसरा किंवा पाण्यात बुडवून मग फेका. घासताना नाकाला मास्क लावा; सागवानाच्या भुश्यानं काही जणांच्या अंगाला खाजही सुटते.

गोंदाचं मोठं काम एप्रिल-मेमध्ये उरकलं तर फळ्या सर्वांत आकसलेल्या असतात, म्हणून खाचेत फुगायला जागा सोडायची. श्रावणात केलं तर उलट, तेव्हा घट्ट बसवलेली पट्टी उन्हाळ्यात सैल होणारच, जागा सोडू नका. पावसाळ्यात करवत आणि पटाश्या भिंतीवर उघड्या टांगलेल्या राहिल्या तर चार दिवसांत तांबडा थर धरतात. शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवून फडक्यात गुंडाळा, करवतीच्या दातांवर बागेतल्या जुन्या पाइपचा तुकडा उभा चिरून बसवा, आणि पेटी जमिनीपासून दोन विटा उंच ठेवा.